ओळ झेलणारी

मी व्हायोलिन वाजवणं सोडलं आहे. गंमत म्हणजे खऱ्या व्हायोलिनला मी आयुष्यात कधी हातसुद्धा लावलेला नाही. गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्रात मी कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नात, गणपतीत, शारदा उत्सवात स्टेजवर चढून सिनेमाची गाणी म्हणणारी आठ-दहा माणसं. त्यात व्हायोलिनवाला कुठून मिळणार? म्हणून कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं, की व्हायोलिनांचा अख्खा ताफा हजर. ते बटण मी दोन वर्षांपासून दाबलेलं नाही. गाणं अडलं की बासरीचं बटण दाबून वेळ मारून नेतो. गायक कुरकुरतात, सर, वो वाला फील नहीं आ रहा. मी कीबोर्ड जुना झाल्याचं सांगतो. खरं कारण सांगितलं तर हसतील, कारण दिवसा मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि भुताखेतांवर विश्वास ठेवू नका असं दरवर्षी पोरांना बजावतो.

खरं कारण म्हणजे माझी मोठीआई. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको.

आमचं गाव प्रतापगडाच्या अलीकडे. गावाला मोठा तलाव आहे, आणि तो आमच्याच पूर्वजांनी बांधला हे आमच्या घरी पाहुण्याला पाण्याचा तांब्या देण्याआधी सांगितलं जातं. तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंही लवकर गेले. मी नोकरीसाठी गोंदियाला आलो, शहरालगत फुलचूरला घर बांधलं, आणि गावच्या घरात आई आणि मोठीआई या दोन जावा उरल्या. दोघींचं पटत नसे. चुलीवरच्या वरणात पाणी किती, यावरून सकाळी सुरू झालेलं भांडण दुपारी म्हशीपर्यंत जायचं. पण रोवणा आला की दोघी एका बांधीत शेजारी उभ्या राहायच्या. वय झाल्यावर चिखलात उतरणं बंद झालं, तरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून मजुरीच्या बायकांसाठी त्या गायच्या. आई ओळ उचलायची आणि मोठीआई झेलायची.

हे उचलणं-झेलणं जरा सांगितलं पाहिजे. रोवणा म्हणजे धानाची लावणी. वाकून वाकून कंबर मोडते, म्हणून बायका गाणी म्हणतात. एक जण ओळ म्हणते, ते उचलणं. ओळ संपता संपता दुसरी तिचा शेवटचा तुकडा खालच्या आवाजात परत म्हणते; ते झेलणं. आईचा आवाज पातळ, उंच. मोठीआईचा जाडा आणि घोगरा. आईची एक लाडकी ओळ होती, ‘पारीवर चढून पाय वो माय, पानी कोठवरी आलं.’ तलावाच्या पाळीवर चढून बघ, पाणी कुठपर्यंत आलं. मग मोठीआई खालून म्हणायची, ‘पानी कोठवरी आलं.’ एवढंच तिचं काम. नवं अक्षर एक नाही. लहानपणी धुऱ्यावर बसून ऐकताना मला वाटायचं की आई विचारते आहे आणि मोठीआई उत्तर न देता तिचाच प्रश्न तिला परत करते आहे.

याचा गावात एक कायदा होता. उचललेली ओळ झेलल्याशिवाय सोडायची नाही. झेलणारीला ठसका लागला तर शेजारच्या कुणीही झेलावी, पण ओळ खाली पडू देऊ नये. कारण माणसानं नाही झेलली तर तलाव झेलतो. आणि तलावाला एकदा चटक लागली की पुढे ती बाई कधीही ओळ उचलो, तोच आधी झेलतो, माणसाला वेळ देत नाही. अशी एक बाई होऊन गेली म्हणे, तिनं शेवटी बोलणंच टाकलं. मी बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा दोघींना समोर बसवून सांगितलं की याला प्रतिध्वनी म्हणतात. पाळ उंच आहे, आवाज आपटून परत येतो. मोठीआईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली की नाव काही ठेव, झेलते तं थोच.

तीन वर्षांपूर्वी सालेकस्याकडच्या जंगलात एका सिनेमाचं शूटिंग झालं. त्याचा संगीतकार पुढे रोवण्याच्या दिवसांत गाणी शोधत आमच्याकडे आला. त्याला कुणीतरी माझं नाव सांगितलं, की सर गोंदियात राहतात, म्युझिकही कळतं आणि खेडंही कळतं. हे ऐकून माझी छाती किती फुगली ते सांगायला नको. माणूस मोठा शांत होता. त्याला आमच्या बायकांचे आवाज हवे होते, आणि त्यांच्याभोवती पाश्चात्त्य वाद्यवृंद. कीबोर्डवरचा नव्हे, खरा. युरोपातल्या कुठल्याशा शहरात एका हॉलमध्ये खुर्च्या मांडून बसलेली खरी माणसं, पुढ्यात लिहिलेले स्वर, समोर काठी घेऊन उभा राहिलेला एक जण. तो म्हणत होता की आवाजाला संगीताच्या मापात बसवायचं नाही, संगीतानं आवाजाकडे चालत यायचं. मी सगळं कळल्यासारखी मान हलवली. मला ऐकू येत होती ती फक्त व्हायोलिनं. वीस वर्षं बटण दाबून नकली ताफा वाजवणाऱ्या माणसाच्या घरची ओळ खऱ्या ताफ्यासोबत जाणार होती.

बांधीवर रेकॉर्डिंग जमेना. कुठे पंप चालू, कुठे ट्रॅक्टर, आणि पलीकडच्या गावात कुणाच्या तरी बारशाचा डीजे. त्याच्यासोबतचा रेकॉर्डिस्ट आवाज कुठे घुमत नाही ते बघायला घरभर टाळ्या वाजवत फिरला आणि शेवटी धानाच्या खोलीत जाऊन खूश झाला. तीन भिंतींना छतापर्यंत धानाची पोती लावलेली, दारावर आईची गोधडी टांगली, की आवाज जागच्या जागी विरायचा. तो म्हणाला की मुंबईत यासाठी लोक भिंतींना काय काय लावतात. मोठीआईला हे फार आवडलं. दोन दिवस ती आल्यागेल्याला सांगत होती की आमचा धान गाणं आयकते.

आणि तिथे मी शहाणपणा केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं उगाच म्हणत नाहीत. दोघी माइकसमोर बसल्या. आईनं ओळ उचलली, मोठीआई झेलणार इतक्यात मी हात वर करून थांबवलं. संगीतकाराला मी म्हटलं की दुसरा आवाज नको. ती तेच शब्द परत म्हणते, नवीन काही नाही, आवाजही जाडा आहे. त्या जागी व्हायोलिनं आली तर? इकडची ओळ, तिकडचं उत्तर. पूर्व आणि पश्चिम. संगीतकारानं विचारलं की यांना चालेल का. मी म्हटलं न चालायला काय झालं, घरचीच माणसं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी मोठीआईकडे वळून तिला गप्प बसायला सांगितलं. नक्की कोणत्या शब्दांत, ते तेव्हा माझ्या लक्षातही राहिलं नाही. ती उठून बाहेर जाणार होती, पण ती समोर नसली तर मी गाणार नाही असं आई म्हणाली, म्हणून ती तिथेच पोत्याला टेकून बसून राहिली. आई चार वेळा गायली. दर ओळीनंतर खोलीत रिकामी जागा राहत होती आणि मला ती जागा फार सुंदर वाटत होती.

जाताना संगीतकारानं दोघींना वाकून नमस्कार केला. माझ्या कल्पनेचं कौतुक केलं. मी महिनाभर हवेत होतो.

त्याच हिवाळ्यात मोठीआई गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी सकाळी संपली. भांडायला कुणी नाही म्हणून आई घरात हिंडायची आणि वरणात पाणी किती घालू असं भिंतीला विचारायची. तिला मी फुलचूरला घेऊन आलो. धानाच्या खोलीला कुलूप लावलं.

तेरवी झाल्यावर आईनं एक साधी गोष्ट मागितली. मोठीआईचा आवाज. फोनमध्ये असेल न कोठी, म्हणाली. आणि तेव्हा कळलं की नाही. मोठीआई फोनवर बोलतच नसे. हातात दिला की ‘घे, माय संग बोल’ म्हणून आईकडे ढकलायची, आणि हे सगळं फोनमध्ये साठत नाही. लग्नांचे व्हिडिओ तपासले; त्यात ती दिसते, ओठ हलतात, पण वर डीजे. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, भाच्याच्या साखरपुड्याचे, सगळे पाहिले. एवढी मोठ्यानं बोलणारी बाई, आणि तिचा एक शब्द कुठे शिल्लक नाही. आईला मी म्हटलं की सिनेमा येऊ दे, त्यात असेल. का म्हटलं? मला माहीत होतं की त्यात ती नाही. वेळ मारून न्यायची सवय, दुसरं काय.

सिनेमा आला तेव्हा गोंदियाच्या टॉकीजमध्ये एक आठवडा लागला. दुपारच्या शोला आम्ही तिघं गेलो, आई, मी आणि बायको. आईनं लुगडं नवं नेसलं होतं. हॉलमध्ये मोजून पंधरा माणसं. मध्यंतरानंतर पडद्यावर एक बाई पाण्यातून चालत जाते आणि कुठलाही ठेका नसताना आईचा आवाज येतो. ‘पारीवर चढून पाय वो माय, पानी कोठवरी आलं.’ आई खुर्चीत पुढे सरकून बसली, पदर मुठीत धरून. मला तिचं ते पुढे सरकणं आधी कळलंच नाही. ती वाट बघत होती.

आणि ओळ संपता संपता, बरोबर मोठीआईच्या जागेवर, व्हायोलिनं आली. एक नाही, कितीतरी. खालून, हळू, पाणी चढावं तशी. तीच चाल, तोच शेवटचा तुकडा, शब्द मात्र नाहीत. इतकं चांगलं संगीत मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि मला दरदरून घाम फुटला. आई माझ्याकडे वळली.

‘हे कोन झेलून राहिलं?’

ती हळू बोलली नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. पडद्यावर आईनं दुसऱ्यांदा ओळ उचलली, आणि दुसऱ्यांदा ते आलं. आईनं कानावर हात ठेवले. आम्ही सिनेमा अर्धा सोडून बाहेर आलो.

त्यानंतर आईचं गाणं बंद झालं. मोठीआई गेल्याच्या दुःखातही ती तांदूळ निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना एखादी ओळ उचलायची आणि आपली आपणच झेलायची. आता ती तोंड उघडायची, तीन-चार शब्द म्हणायची आणि थांबून कान द्यायची. बायकोनं विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाली की तरा झेलून राहिला. तलावाला ती तरा म्हणते. मी उचलली का थो झेलते, म्हणाली. हळूहळू ती बोलायचीही कमी झाली. चहा हवा का विचारलं तर मान हलवायची. मी डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, दुःख आहे, होईल ठीक. मला ती गावातली बाई आठवत होती, जिनं शेवटी बोलणं टाकलं.

आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकू यायला लागलं होतं. कुकरची शिटी सुटून बसताना. लाइनीवरून मालगाडी लांब गेल्यावर. वर्गात मी वाक्य संपवून फळ्याकडे वळलो की मागे कुणीतरी त्याचा शेवट खालच्या सुरात परत म्हणतंय असं वाटायचं. एका शारदा उत्सवात मी सवयीनं व्हायोलिनचं बटण दाबलं, पहिला सूर निघाला आणि माझी बोटं पट्ट्यांवरून आपोआप उचलली गेली. तिथून पुढे बासरी.

पोरांना प्रतिध्वनीचा धडा शिकवायचा होता, तो मी त्या वर्षी दुसऱ्या सरांना दिला.

शेवटी मी संगीतकाराला निरोप पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. परत पाठवला. दीड महिन्यानं त्या रेकॉर्डिस्टचा फोन आला. त्याला मी विचारलं, की त्या दिवशी मी थांबवायच्या आधी मोठीआईचं काही रेकॉर्ड झालं होतं का, अर्धा तुकडा, अर्धा सूर, काहीही. तो म्हणाला की गाण्याच्या वेळी त्या गप्पच होत्या, पण खोलीत शिरल्यापासून मशीन चालूच असते, अख्खी फाइल पाठवतो, तुम्हीच ऐका. आणि एक गोष्ट त्यानं सहज सांगितली. त्या बाईंचा श्वास आमच्या सरांनी मुद्दाम ठेवला आहे, म्हणाला.

मला कळेना, कुठला श्वास.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून मी हेडफोन लावला. धानाची खोली जशीच्या तशी कानात उभी राहिली. पोतं सरकल्याचा आवाज, बाहेर कोंबडी, आईच्या बांगड्या. आईनं ओळ उचलली. मग एक पुरुषी, उतावळा आवाज आला आणि तो माझा आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. थांबवलं, संगीतकाराशी बोललं, पूर्व-पश्चिम वगैरे सगळं झालं. आणि मग तो आवाज म्हणाला, ‘मोठीआई, तू गप राह्य. तुझं काही काम नाही अठी.’

‘बरं बाबू,’ मोठीआई म्हणाली. ‘बसतो मी अठीच.’

दुखावलेला नव्हता तो आवाज. तेच तर वाईट होतं. पाहुण्यासाठी ताटावरून उठायला सांगावं आणि माणसानं उठावं, तसा साधा होता.

त्यानंतर आईची चार गाणी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, बरोबर जागेवर, थोडं लांबून, कुणीतरी पोटातून दम घेतं. खोल, घाईनं, ओळ झेलायच्या आधी घेतात तसा. मग तो दम तसाच धरलेला राहतो, आणि बऱ्याच वेळानं हळू सोडलेला ऐकू येतो. दर ओळीला. चार गाण्यांत एकही ओळ तिनं चुकवली नाही. इतक्या वर्षांची सवय, तिला तरी कुठे थांबवता येणार? मी गप्प बस म्हटलं म्हणून ती गप्प बसली, पण झेलल्याशिवाय राहिली नाही.

मी रेकॉर्डिस्टला परत फोन लावला. तो म्हणाला की हो, तोच श्वास. तिकडे युरोपातल्या हॉलमध्ये वादकांच्या कानात तुमच्या आईंचं गाणं होतं, आणि सरांनी त्यांना सांगितलं होतं की मोजू नका, त्या बाई श्वास घेतील त्यावर या. फोनवर सिनेमाचं गाणं लावून पाहिलं. व्हायोलिनांच्या अगदी आधी, अगदी पुसट, तो दम आहे. माहीत नसेल तर ऐकू येत नाही. माहीत झालं की दुसरं काही ऐकू येत नाही. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही, ज्यांना तिचा एक शब्द कळला नसता, अशी माणसं हातात वाद्यं धरून तिच्या दमाची वाट बघत बसली होती. आणि मी तिच्या समोर बसून ते ऐकलं नव्हतं.

तरीही मी काय केलं ते लिहितो. घरी येऊन लॅपटॉपवर मी ती फाइल कापली. मला ते काम चांगलं येतं. माझा आवाज काढून टाकला, माझं थांबवणं, माझं गप राह्य, आणि त्याला चिकटून आलेलं तिचं उत्तरही. सुरुवात थेट आईच्या गाण्यापासून ठेवली. मनाला सांगितलं की आईला त्रास नको.

संध्याकाळी आईच्या कानाला हेडफोन लावला. पहिल्या ओळीनंतर ती हलली. दुसऱ्या ओळीनंतर तिनं माझं मनगट धरलं. शेवटपर्यंत ती डोळे मिटून ऐकत होती आणि प्रत्येक दमाला तिची पकड घट्ट होत होती. मी तिला त्या हॉलची आणि त्या वादकांची गोष्ट सांगितली. तिनं दोनदा सांगायला लावली. मग कितीतरी दिवसांनी ती सलग बोलली. म्हणाली की मंग तरा नाही तं. हेच दम घेते न त्याहिले पाठवते. मोठीआईच दम घेऊन त्या वादकांना पाठवते, हे तिला पटलेलं दिसलं आणि मला रडू आलं. मला वाटलं सुटलो.

दुसऱ्या दिवशी तिनं फाइल परत लावायला सांगितली. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘तिनं “बरं” मनलं होतं. थे कोठी गेलं?’

मी म्हटलं की ते रेकॉर्ड झालं नसेल, मशीन नंतर सुरू झाली असेल. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं माझ्या बायकोला सांगितलं, माझ्यासमोरच, की हा लहानपनापासून खोटं बोलून राहिला का मान खाजवते. माझा हात मानेवर होता.

ते दोन दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. आईनं परत विचारलं नाही. ती परत गप्प झाली होती, पण आता तलावामुळे नाही. त्या दिवशी धानाच्या खोलीत आईही होती. मी मोठीआईला काय म्हटलं ते तिनं तेव्हाच ऐकलं होतं. टॉकीजमध्येही तिला ते आठवत असणार, तेरवीनंतर फोनमध्ये आवाज शोधतानाही. दीड-दोन वर्षांत तिनं एका शब्दानं मला बोलून दाखवलं नव्हतं. आणि मी तिच्यापासून काय लपवत होतो? फक्त माझा आवाज. त्यापायी मोठीआईचा जगात उरलेला एकुलता एक बोललेला शब्द मी कापून बाजूला ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर मी अख्खी फाइल फोनमध्ये टाकली आणि हेडफोन न लावता, मोठ्या आवाजात, आईसमोर ठेवली. बायको ओट्यापाशी उभी होती. पोतं सरकलं, कोंबडी ओरडली. माझा आवाज आला, शहाणा, घाईत असलेला. मी खाली बघत होतो. ‘तू गप राह्य,’ फोनमधून मी म्हणालो, आणि मोठीआई म्हणाली, ‘बरं बाबू. बसतो मी अठीच.’

आईनं तोंडावर पदर धरला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. शांत झाल्यावर मी तिला म्हटलं की आई, मी माझं काढून टाकतो, तुला फक्त तिचं ठेवून देतो, आता एवढं करू दे.

‘राहू दे,’ आई म्हणाली. ‘तू मनल्याबिगर थे “बरं” कायले मनेल?’

आता आई गाते. रोज संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, ती फोन समोर ठेवते आणि मला फाइल लावायला सांगते. तिला स्वतःला लावता येते, पण ती माझ्याकडूनच लावून घेते. सुरुवातीचं बोलणं ती पूर्ण होऊ देते. मग फोनमधली आई आणि समोरची आई एकदमच ओळ उचलतात, दम येतो, आणि त्या दमावर आई जाड्या, घोगऱ्या आवाजात खालून म्हणते, ‘पानी कोठवरी आलं.’ इतका हुबेहूब तो आवाज की बायको पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली होती.

मी जवळच बसलेलो असतो. उठून जायची मला परवानगी नाही असं कुणी सांगितलेलं नाही, पण मी उठत नाही. रोज मी मोठीआईला गप्प बसायला सांगतो, आणि रोज ती बरं म्हणते.